जाऊबाईंच्या नावाचा पलंग

शेजारच्या क्वार्टरमधल्या मुलीला गेल्या महिन्यात छातीचा आजार निघाला. तिची आई रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसते आणि तेच विचारते, "काकू, तुमी कसं काढलं वो?" एकदा सांगितलं, चारदा सांगितलं. आता सांगतानाही थकवा येतो. आणि दर वेळी मी एक गोष्ट गाळते, हे माझं मला कळतं. म्हणून एकदाचं लिहून काढते आहे. मी सातवी शिकलेली बाई, चुका होतील, त्या पोटात घाला.

औषधांचं मी काही सांगणार नाही. तेव्हा महिनोन्महिने सुया टोचायचे, आता गोळ्यांवर भागतं म्हणे. ते डॉक्टरांना विचारावं. मी माझ्या माणसाचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय माझ्या आजाराची गोष्टच नाही. त्यांचं नाव केशवराव. लिहिताना नाव चालतं, तोंडातून अजून निघत नाही. म्हणून पुढे 'हे' असंच लिहीन.

चुडी

हे भंडाऱ्याकडच्या खेड्यातून भिलाईला आले, तेव्हा इथं कारखाना नव्हता. खड्डे होते आणि लाल माती होती. यांनी आधी ती माती उपसली, मग लोखंड चढवलं, मग क्रेन चालवायला शिकले. थोरले भाऊ गावी काविळीनं गेले. त्यांच्यामागे जाऊबाई, म्हणजे गिरजाबाई, आणि दोन पोरं उरली. यांचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. हे गावी गेले आणि तिघांना घेऊन मजुरांच्या कॅम्प एकमधल्या पत्र्याच्या खोलीत परत आले.

नोकरी पक्की झाली त्या दिवशी ऑफिसातल्या बाबूनं विचारलं, परिवारात कोण कोण? दवाखान्याच्या पुस्तकात नावं लिहायची होती. यांनी सांगितलं, वहिनी आणि दोन पुतणे. बाबू म्हणाला, वहिनी चालत नाही, बायको आणि मुलं चालतात. मग यांच्याकडे नीट बघून त्यानं आपल्या बोलीत विचारलं, "भउजी ला चूरी पहिरा ले हस का जी?"

बाबू दुर्गकडचाच होता. त्या लोकांत धाकटा दीर विधवा भावजयीला चुडी भरतो आणि घरात घेतो, त्यात लाज नाही. त्याला ते सरळच वाटलं. आमच्याकडे दिराला भावजय आईच्या जागी. हे ऐकूनच यांचे कान लाल झाले असतील. पण लहान पुतण्याला तेव्हा रोज ताप येत होता. हे गप्प राहिले. बाबूनं ते गप्प राहणं हो धरलं आणि लिहिलं, पत्नी गिरजाबाई, वय अमुक, मुलं दोन.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी यांनी मला हे सांगितलं. सांगताना जमिनीकडे बघत होते. मी विचारलं, "मंग मी कोन?"

"तू माही बायको."

"कागदावर?"

"कागदावर कोनीच नाही," हे म्हणाले. "दुरुस्त करा लागते. पन खोटं लिवलं म्हनून नोकरीवरून काढून देतीन. मंग पाच जनं खातीन काय?"

मी एकोणीस वर्षांची होते आणि मला आजार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. म्हटलं, कागदच तर आहे. पुढं मुलगी झाली, तिचंही नाव त्या पुस्तकात गेलं. म्हणजे कागदावर माझी मुलगीसुद्धा जाऊबाईंची.

तपासणी

मुलगी दीड वर्षाची असताना मला संध्याकाळचा ताप येऊ लागला. मग खोकला. मी काही दिवस लपवला, बायका लपवतात तसा. एक दिवस मोरीत खोकले आणि पाण्यावर लाल दिसलं. जाऊबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं लेकरू काढून घेतलं आणि म्हणाल्या, "आजपासून पोरगी माह्याजवळ झोपीन." बस, एवढंच. मला त्यांचा राग आला. आज तो आठवला की लाज वाटते.

त्या दुपारी आम्ही तिघं बसलो. दुर्गला खासगी डॉक्टर होते, पण या आजाराला एक दिवसाचा डॉक्टर पुरत नाही, महिने लागतात. प्लांटच्या दवाखान्यात वॉर्ड होता, सुया होत्या, दूध होतं. फक्त माझं नाव नव्हतं. हे डोकं धरून बसले होते. जाऊबाईंनी तांदूळ निवडता निवडता विचारलं, "माहं नाव हाय ना तिथं?"

"हाय."

"मंग तेच घेऊन जा. कोनी पाह्यते का तिथं?" पुस्तकावर तेव्हा फोटो नसायचा. "मले आता त्या नावानं हाक मारनारा कोनी उरला नाही. पोरं माय म्हनतेत, तुमी वहिनी म्हनता. मले काय करा लागते त्याचं?"

हे उठून बाहेर गेले. अंगणात जाऊन रडले असावेत, कारण आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पुस्तकात वय बघितलं, बत्तीस. मी बावीस वर्षांची होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि छातीचा फोटो काढायला पाठवलं. आजारानं मला दहा वर्षं आगाऊ दिली होती, ती कामाला आली. फोटोची काच उजेडात धरून ते म्हणाले, "गिरजाबाई, घबराओ मत. लंबा चलेगा, लेकिन ठीक हो जाओगी." मी मनात म्हटलं, गिरजाबाई घरी ठणठणीत आहे हो, माझं सांगा.

सतरा नंबर

माझा पलंग सतरा नंबरचा. डोक्याशी लाकडी पाटी, पाटीवर जाऊबाईंचं नाव. सकाळी थर्मामीटर, मग सुई, मग दूध, मग पडून राहायचं. उठायचं नाही, बोलायचं कमी, काम तर मुळीच करायचं नाही. आयुष्यभर काम केलेल्या बाईला पडून राहायची शिक्षा काय असते ते कुणी विचारू नये. भोंगा झाला की मी पाळ्या मोजायची. आता हे गेटवर असतील, आता क्रेनवर चढले असतील, आता डबा उघडला असेल.

पहिल्या आठवड्यात एक गंमत झाली. नर्स केरळची होती, आवाजाची जरा कडक. ती रोज हाका मारायची, "गिरजाबाई! गिरजाबाई!" आणि मी छताकडे बघत पडलेली. ती हाक माझी आहे हे मला कळायचंच नाही. शेवटी तिनं डॉक्टरांना सांगितलं की सतरा नंबरला ऐकू येत नाही. मला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी कानात दिवा घालून बघितलं, मागून चुटक्या वाजवल्या, आणि म्हणाले कान तर चांगले आहेत, लक्ष कुठं असतं बाई तुमचं? शेजारच्या पलंगावरची बिसाहिन पोट धरून हसली आणि मग खोकत बसली. ती रायपूरकडच्या खेड्यातली, माझ्याएवढीच. वॉर्डात हसू आलं तर ते असं खोकल्यासकटच यायचं.

हे रोज चार वाजता यायचे. पहिली पाळी सुटली की सायकलवरून सरळ. दाराशी नर्स विचारायची, "किसको मिलना है? नाम बोलो." यांची पंचाईत व्हायची. बायकोला आयुष्यात नावानं हाक मारलेली नव्हती, 'अवं' हेच माझं नाव. आणि वहिनीचं नाव तोंडानं उच्चारायचं, तेही बायको म्हणून, हे त्यांच्यानं मेले तरी झालं नसतं. मान खाली घालून म्हणायचे, "सतरा नंबर." नर्स चिडायची. मला म्हणायची, कसा नवरा आहे तुझा, बायकोला नंबरानं बोलावतो, कैद्यासारखं.

डब्यात दोन उकडलेली अंडी असायची. घरात जाऊबाईंना अंडं चालत नव्हतं, म्हणून हे प्लांटमध्येच गरम लोखंडावर पत्र्याच्या डब्यात उकडून आणायचे. मी खाईपर्यंत बसायचे, टरफलं खिशात घालून न्यायचे. घरचं सगळं सांगायचे. मोठ्याचा पाढा पाठ झाला, धाकट्यानं पाटी फोडली, लेकीची वेणी आज मीच घातली. ती वेणी कशी झाली असेल ते मला दिसायचं. लेकरांना वॉर्डात येऊ देत नसत. आठवड्यातून एकदा हे तिला खांद्यावर बसवून खिडकीखालच्या रस्त्यावरून दोनदा सायकल हाती धरून चालायचे. ती मला ओळखत नव्हती. जाऊबाईंना माय म्हणायला लागली होती. ते कळलं त्या दिवशी मी अंडी खाल्ली नाहीत.

एकदा मी म्हटलं, मले इथं लई एकटं वाटते. तर हे म्हणाले, "एकटं कावून? मी क्रेनवर चढलो का मले तुह्या वॉर्डाचं छप्पर दिसते. आठ तास पाहून राह्यतो." त्यानंतर कितीतरी दुपारी मी त्या छताकडे बघून काढल्या.

दोन दिवस

सात महिने झाले. वजन वाढलं, ताप थांबला. डॉक्टर म्हणाले, अजून दोन महिने, मग घरी.

आणि एक दिवस हे आले नाहीत. चार वाजले, पाच वाजले. दुसऱ्या दिवशीही नाही. सात महिन्यांत यांनी एक दिवस चुकवला नव्हता. प्लांटमध्ये काय काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं, क्रेनवरून माणूस पडतो, दोर तुटतो. बिसाहिन म्हणाली, "झन सोच, बाई." पण न सोचून कसं चालेल?

तिसऱ्या दिवशी दुपारी नर्स आली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. डोक्याशी हात घालून पाटी खिळ्यावरून काढली आणि काखेत मारून निघून गेली.

पाटी दोनच प्रसंगी काढतात. एक तर बाई बरी होऊन घरी जाते, नाही तर मेलेली असते. मी दोन्ही नव्हते. मग तिसरं एकच उरलं होतं, आमचं खोटं कळलं होतं. यांची नोकरी गेली आणि आता मला बाहेर काढणार. मी उठून बसले, लुगडं नीट केलं, वाटी आणि कंगवा पिशवीत भरला. मला मरणाचं भय तेव्हा नव्हतं, खरंच सांगते. भय एवढंच होतं की माझ्या पायी या माणसाची भाकरी गेली.

काय झालं होतं ते मला मागून कळलं, ते आधी सांगते. जाऊबाईंना विषमज्वर झाला होता. तेराव्या दिवसापर्यंत त्यांनी काढा घेऊन काढला. मला कळू द्यायचं नाही म्हणून यांना शपथ घातली होती. दुर्गला नेलं, तिथं वऱ्हांड्यातही जागा नव्हती. शुद्ध हरपली तेव्हा यांनी रिक्षात घालून त्यांना प्लांटच्या दवाखान्यात आणलं. मरणाऱ्या माणसाला तिथून परत पाठवत नसत, मग पुस्तक असो नसो. डॉक्टर फक्त म्हणाले, आत घ्या, नाव काय लिहू?

हे काहीही सांगू शकले असते. मावशी, गावची बाई, सखूबाई, भागाबाई. कुणीही विचारलं नसतं. नोकरी राहिली असती, मीही सतरा नंबरवर राहिले असते. पुढं कितीतरी वर्षांनी मी यांना विचारलं, का सांगितलं हो तेव्हा? हे म्हणाले, "वाटलं, वहिनी आता गेल्या तं दुसऱ्याच कोनाच्या नावानं जातीन. त्यायनं तं सोताचं नाव आपल्याले देलं होतं ना."

तर यांनी त्या टेबलाशी उभं राहून सांगितलं. या माझ्या वहिनी, गिरजाबाई याच. सतरा नंबरवर आहे ती माझी बायको. मी खोटं लिहू दिलं, चूक माझी आहे.

पुढचं आधी

पुढचं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मला पाहिजे तिथं थांबता येईल.

यांची चौकशी झाली. नोकरी राहिली, फोरमननं शब्द टाकला म्हणून. पण क्रेनवरून खाली उतरवलं, पुन्हा खलाशी, म्हणजे खाली लोखंड बांधणारा मजूर, केलं. ज्या पोरांना यांनी क्रेन शिकवली ती पोरं वर बसायची आणि हे खालून हात दाखवायचे. रिटायर होईपर्यंत पुन्हा वर चढले नाहीत. मला कधी बोलून दाखवलं नाही. मला रडू यायचं, तर म्हणायचे, "खालीच बरं हाय, वरतं लई गरम होते."

जाऊबाई आणि दोन्ही पुतण्यांची नावं पुस्तकातून कटली. घरात काही कटलं नाही. पुतणे शिकले, लेक शिकली, तिघांच्या डोक्याला एकाच बाटलीतलं तेल हेच लावायचे. जेवायला शेवटी बसायचे, पोरं उठल्याशिवाय भूक लागतच नाही म्हणायचे. जाऊबाई वाचल्या, पण ताप कान घेऊन गेला. कान आमच्याकडे कुणाचे तपासले आणि कुणाचे गेले, यावर आम्ही दोघी हसायचो. त्यांना मोठ्यानं सांगावं लागायचं, म्हणून जन्मभर हळू बोलणारा हा माणूस दिवसभर ओरडायचा, "वहिनी, जेवल्या का?"

थोरला पुतण्या पुढं त्याच प्लांटात लागला, क्रेनवरच. एकदा मी त्याला कौतुकानं विचारलं, तिथून आमच्या जुन्या वॉर्डाचं छप्पर दिसतं का रे? तो म्हणाला, "काकू, क्रेन शेडच्या आत राह्यते. वरतून खाली लोखंड दिसते अन् डोक्यावर पत्रा. बाहेरचं काहीच नाही दिसत." म्हणजे हे आयुष्यात दोनदा खोटं बोलले. एकदा बाबूपुढं गप्प राहून, आणि एकदा मला.

हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. सकाळी अंघोळ करून बसले आणि गेले. सगळ्यात मोठ्यानं जाऊबाई रडल्या, त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. मला रडू आलं नाही, नुसता थकवा आला. तो अजून गेलेला नाही.

शेजारच्या मुलीला एवढंच सांगते. सुया, गोळ्या, दूध, सगळं घे. पडून राहायला सांगितलं तर पड. घरच्या कुणी लेकरू हातातून काढून घेतलं तर राग धरू नको, ती माया असते. आणि चार वाजता कुणी येत असेल तर त्याच्याकडे नीट बघून घे.

चार वाजता

तर मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, डोक्याशी नुसता खिळा. मोठे डॉक्टर फेरीला आले. नर्सनं हळूच काही सांगितलं. ते माझी काच बघत होते. म्हणाले, "फेफड़ा कागज देखकर खराब नहीं होता, सिस्टर. लेटने दो इसे." आणि पुढच्या पलंगाकडे गेले. मला लगेच कळलंच नाही की मला राहू देत आहेत. मी पिशवी धरून तशीच बसून राहिले.

चार वाजले. दारात हे दिसले. तीन दिवसांची दाढी, सदऱ्याचं बटण तुटलेलं, हातात नेहमीचा डबा. नोकरीचं काय होणार हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. नर्सनं रोजच्यासारखंच विचारलं, पण आज आवाज कडक नव्हता. "किसको मिलना है?"

सवयीनं यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता म्हणतील सतरा नंबर. पण त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "अनसूया."

मी दाराकडे बघत बसले. वॉर्डात नवीन कुणी बाई आली असेल असं वाटलं. सात महिने गिरजाबाई, त्याआधी तीन वर्षं 'अवं'. त्या आवाजात ते नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. बिसाहिननं हात लांब करून मला ढोसलं, "तोला बलावत हे, बही!"

हे पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्यानं. सगळा वॉर्ड बघत होता. लाजेनं माणसाचं तोंड लालभडक झालं होतं, आणि तरी हे दारातून हलले नाहीत. मी ओ देईपर्यंत तिथंच उभे राहिले.